पारवा, हरोळी आणि गावाचं ताट : राज्य वन्यजीव मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरांवरून मोठा वाद पेटला. विधान परिषदेत प्रश्न निघाला, महापालिकेने कबुतरखाने बंद करायला घेतले, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि थोड्याच दिवसांत जमावाने ती फाडली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकत आलेली श्रद्धाळू माणसं होती. दुसऱ्या बाजूला विष्ठेच्या धुळीने फुप्फुसं खराब होतात हे सांगणारे डॉक्टर आणि ते भोगणारे रुग्ण. दोन्हीकडचं म्हणणं मांडलं गेलं, तज्ज्ञांच्या समितीची गोष्ट निघाली. असंच व्हायला हवं होतं.

त्या सगळ्या चर्चेत एक बाजू कुठेच आली नाही. कबुतर खाणारी माणसंही याच राज्यात राहतात. शहरात कबुतर एक तर पुण्य मिळवण्याचं साधन असतं नाही तर आजाराचं कारण. आमच्याकडे पारवा शेतातलं पाखरू होता. पेरलेलं उचलणारा, विहिरीत घुमणारा आणि कधीमधी ताटात येणारा. हे उघड बोलायला गावाकडची माणसं आता घाबरतात. पोलिसांची भीती आहेच, पण शहरात शिकणाऱ्या स्वतःच्या लेकरांसमोर ओशाळं वाटतं, ही भीती त्याहून मोठी आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी परभणी जिल्ह्यातली शेतकरी. मुलांच्या शिक्षणासाठी काही वर्षं पुण्यात राहिले, आता परत गावी शेत बघते. दोन्हीकडची माणसं मला आपली वाटतात आणि दोन्हीकडचं बोलणं मी ऐकलेलं आहे.

आधी आमच्याकडे काय चालायचं ते सांगते, कारण शिकार म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यासमोर बंदूक आणि जीप येते. आमच्या भागातल्या जुन्या दगडी विहिरींच्या कपारीत पारवे राहतात. रात्री विहिरीच्या तोंडावर जाळं टाकायचं आणि आत खडा टाकून टाळ्या वाजवायच्या. पारवे उडून जाळ्यात येत. हिवाळ्यात, सुगीच्या आधी हातात पैसा नसायचा तेव्हा हे व्हायचं. घरी आणल्यावर पिसं उपटणं, आगटीवर भाजणं, चिरणं हे बायकांचं काम. मांस गडद लाल, थोडं चिवट. कांदा आणि सुकं खोबरं भाजून, लसूण, काळा मसाला घालून पातळ रस्सा करायचा, म्हणजे दोन पाखरांत सगळं घर बाजरीची भाकरी चुरून जेवायचं. पारव्याचं मांस उष्ण असतं, लकवा झालेल्याला द्यावं, असं जुनी माणसं मानत. त्या औषधावर माझा विश्वास नाही. लकवा झालेल्या माणसाला तासाभरात मोठ्या दवाखान्यात पोचवावं, पाखराच्या मागे धावू नये, हे मी आमच्या गावात आजही सांगते.

आणि हे सगळं कुठे शिजायचं? घराबाहेर, गोठ्यालगतच्या तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. कारण माझी आजेसासू माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला पंढरीची वारी. आजोबा मात्र खाणारे. एकाच छपराखाली दोघं जन्मभर राहिले. श्रावण, एकादशी, सोमवार कडक पाळले जायचे; बाकी दिवशी तिने कधी आजोबांचं ताट अपवित्र म्हटलं नाही आणि आजोबांनी कधी तिची माळ हसण्यावारी नेली नाही. खाणं-न खाणं हा गाव आणि शहर यांच्यातला झगडा आहे असं लोक मानतात, पण गावात तो प्रत्येक घरात आहे आणि घरानेच त्याची वाट काढलेली आहे. मला वाटतं राज्याने शिकायचं असेल तर त्या दोन चुलींकडून शिकावं.

आजोबांचे दंडकही होते. अंड्यावर बसलेलं पाखरू धरायचं नाही. पाणवठ्यावर फासा लावायचा नाही, तहानलेल्याला मारणं पाप. खाण्यापुरतं घ्यायचं, बाजारात न्यायचं नाही. सगळं गाव हे पाळत होतं असा माझा दावा नाही. पोरं गलोलीने नुसत्या गमतीसाठी होले पाडत, आणि तसं पोर दिसलं की आजोबा गोफणीची दोरी त्याच्याच पाठीवर ओढत. पण दंडक होते, आणि ते कोणाच्या परिपत्रकातून आलेले नव्हते.

आता कायद्याकडे येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. नुसती गोळी घालणं म्हणजे शिकार नव्हे. फासा लावणं, जाळं टाकणं, घरट्याला हात लावणं, अंडी उचलणं, हे सारं शिकारीतच मोडतं. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याने मोह, मध, तेंदू, बांबू यांवरचे पिढीजात हक्क मान्य केले, नदी-तळ्यातल्या माशांवरचाही हक्क मान्य केला. पण त्याच कलमात शिकारीचा आणि सापळे लावण्याचा परंपरागत हक्क शब्द घालून वगळला. म्हणजे जंगलातल्या ओढ्यात मासे धरणारा हक्कदार, आणि ओढ्याकाठी तितराला फासा लावणारा गुन्हेगार. दोघं अनेकदा एकच माणूस असतो.

कायद्याला अपवाद करता येत नाही असंही नाही. निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क याच १९७२ च्या कायद्याने अबाधित ठेवलेले आहेत. तिथल्या माणसाचं ताट समजून घेता आलं, तर माळरानावरच्या फासेपारध्याचं ताट निदान विचारात तरी घ्यावं.

पारध्यांचं नाव घेतलं की मला थांबावंसं वाटतं. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधी अडकले. तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला गेला. लोकांच्या मनातून नाही. तितर-लावे आणि ससे धरणं हा त्यांचा धंदा होता, त्या पाखरांच्या हाका, चरायच्या वेळा, घरट्यांच्या जागा त्यांना जितक्या ठाऊक आहेत तितक्या पुस्तकं वाचलेल्या कोणाला नसतील. त्याच काळात कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार होत होती, आणि दाजीपूरचं राखीव शिकारीचं रान पुढे अभयारण्य झालं. राजाची शिकार इतिहासात मानाने नोंदली गेली. पारध्याची शिकार आरोपपत्रात. मारलेली चार तितरं पुढ्यात ठेवून, मागे अधिकारी उभे करून काढलेला पारधी माणसाचा फोटो स्थानिक पेपरात छापून येतो, तेव्हा त्या माणसाच्या घरी त्या रात्री काय शिजणार होतं हे कोणी विचारत नाही.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते रानडुकराचं प्रकरण. रात्रीतून अर्धा एकर भुईमूग उकरून टाकणारा कळप ज्याने पाहिला नाही त्याला हे सांगून कळणार नाही. पीक वाचवण्यासाठी ठरावीक अटींवर रानडुक्कर मारायची परवानगी कायद्यात आहे. वन अधिकारी ती देऊ शकतात. परवानगी मिळवता मिळवता पीक निघून जातं हा भाग वेगळा. पण समजा मिळाली, डुक्कर मारलं गेलं. ते मेलेलं जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता. पंचनामा करायचा आणि त्याची विल्हेवाट लावायची. ज्या शेतकऱ्याचं पीक त्याने खाल्लं, त्याला किंवा त्याच्या शेजारच्या भूमिहीन घराला त्यातला घासही घेता येत नाही. मारणं चालतं, खाणं चालत नाही! जिवाची किंमत राखायची म्हणून हा नियम असेल, तर मला तो उलटा वाटतो. जीव घेतलाच असेल तर त्याचं अन्न व्हावं, तो मातीत फेकला जाऊ नये, ही आमच्याकडची साधी समज आहे. पूर्वी पारध झाली की वाटे पडत. हाकाऱ्याचा वाटा, कुत्रेवाल्याचा वाटा, देवाचा वाटा, आणि जी विधवा बाई घराबाहेर पडू शकली नाही तिच्या दारात पोचवलेला वाटा.

हीच उलटी रीत मला पुण्यात दिसली. आमच्या सोसायटीत कबुतरांचा त्रास होता. गॅलऱ्यांना जाळ्या, कठड्यांवर खिळ्यांच्या पट्ट्या. जाळीत पंख अडकून एखादं कबुतर दोन-दोन दिवस फडफडत मरायचं आणि सफाई कामगार ते पिशवीत घालून नेई. त्याची कोणाला फारशी खंत नव्हती. मी एकदा शेजारच्या वहिनींना सहज म्हटलं की आमच्याकडे हे खातात, तर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या स्वतः चिकन खात होत्या. पण मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी जन्मात कोणतंही जनावर मरताना पाहिलं नव्हतं. मांस त्यांच्याकडे तुकडे होऊन, काळ्या पिशवीतून येत होतं. ज्याने मरण पाहिलंच नाही त्याला मारणारा माणूस क्रूर वाटणार. त्यांची कणव खरी होती. फक्त ती कणव कायदा होते, सरकारी आदेश होते, तेव्हा तिच्याखाली कोण येतं हे बघायची जबाबदारी आपल्या मंडळाची आहे.

आता शहरातल्या निसर्गप्रेमींची बाजू, कारण तिच्यात तथ्य आहे. अमेरिकेत एकेकाळी आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे होते. रेल्वे आली, तार आली, थवा कुठे उतरला हे शिकाऱ्यांना कळू लागलं आणि पिंपं भरभरून मांस शहरांच्या बाजारात जाऊ लागलं. जंगलंही तुटली. शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ज्या पाखराची संख्या शेकडो कोटींमध्ये होती त्याचं हे झालं. त्यामुळे ‘खाण्यापुरतं’ हा शब्द आमच्या बाजूने कोणी सैल वापरू नये. आज मोटारसायकल आहे, डोक्याला बांधायची बॅटरी आहे, मोबाईलवर पाखरांच्या आवाजाची ध्वनिफीत लावून लावे जाळ्यात बोलावता येतात, आणि हायवेच्या ढाब्यांवर गुपचूप गिऱ्हाईक आहे. आजोबांचा फासा आणि हे, यांना मी एक मानत नाही. कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने विदर्भात वाघ मेले आहेत, माणसंही मेली आहेत. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणं, दाण्याला कीटकनाशक चोळून टाकणं, ही शिकार नव्हेच. यांच्यावर कितीही कडक कारवाई करा, गाव तुमच्या पाठीशी उभं राहील.

पण गावाला आधी विचारा. विचारल्यावर काय होतं याची दोन उदाहरणं मला ठाऊक आहेत. नागालँडमध्ये दोयांग जलाशयावर २०१२ साली स्थलांतर करून आलेले अमूर ससाणे जाळी लावून प्रचंड संख्येने मारले गेले, विकले गेले. देशभर संताप झाला. पुढच्या वर्षी तिथल्या ग्रामपरिषदांनी स्वतः बंदी केली, पांगती गावच्या लोकांनी जाळी काढून पहारे दिले आणि २०१३ च्या हंगामात कत्तल थांबली. उपग्रहाने माग काढण्यासाठी ज्या ससाण्यांना यंत्रं बसवली त्यातल्या एकाचं नाव पांगती ठेवलं गेलं. दुसरं आपल्याच रत्नागिरीतल्या वेळासचं. तिथे कासवाची अंडी खाल्ली जात, विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला शहरातून माणसं त्याच गावकऱ्यांच्या घरी मुक्कामाला येऊ लागली. ही माणसं आधी वाईट होती आणि नंतर चांगली झाली असं कोणी म्हणू नये. अंडी कुठे असतात हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, म्हणून तर ती राखता आली.

पाखरं कशाने कमी झाली हाही प्रश्न विचारला पाहिजे, नाहीतर सगळा दोष फाशावर येतो. मी लहानपणी ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून पाखरं हाकली आहेत. गोफणीचा आवाज झाला की अख्खा थवा उठायचा आणि पलीकडच्या धुऱ्यावर बसायचा. आता आमच्या शिवारात ज्वारी नावाला उरली, सगळीकडे सोयाबीन आणि ऊस. धुरे नांगरून टाकले, बाभळी तुटल्या. ज्या माळावर भटतितर आणि लावे अंडी घालत तो सरकारी कागदावर ‘पडीक’ होता. कुठे प्लॉट पडले, कुठे कारखाना, कुठे सौर पटलं, आणि कुठे तर चांगल्या हेतूने वृक्षारोपणाचे खड्डे. माळढोकासाठी सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, शिकार बंद होती, तरी माळढोक तिथून जवळजवळ गेलाच. भारतातल्या पक्ष्यांचा जो राष्ट्रीय अहवाल २०२३ साली आला त्यात माळरानावरच्या पक्ष्यांची घसरण स्पष्ट दिसते. वाढलेल्या मोजक्या पक्ष्यांमध्ये कोण आहे? शहरातला पारवा.

आणि हरोळी. आपला राज्यपक्षी, हिरव्या-पिवळ्या रंगाचं रानकबुतर. कबुतरांच्याच कुळातला, पण दाणे टिपायला जमिनीवर क्वचितच येणारा; वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगणारा. झाड पिकलं की थवा येतो आणि पानांत असा मिसळतो की फळं टपटप पडायला लागल्यावरच कळतं वर कोणी आहे. आमच्याकडे जुनी माणसं हरोळी खात, आणि बंदूकवाले साहेब लोक तर तिच्यासाठी उंबराखाली दबा धरून बसत. आज आमच्या घरात हरोळीला कोणी हात लावणार नाही, मीही लावू देणार नाही. पण आमच्या तालुक्याकडे जाणारा रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही कडांचे जुने वड एका उन्हाळ्यात गेले, आणि ते तोडणाऱ्यावर वन्यजीव कायद्याचा गुन्हा दाखल झाला नाही. एका थव्यातली दोन पाखरं खाणारा गुन्हेगार ठरतो आणि थव्याचं सगळं रान घेऊन जाणारा विकास करतो, ही मोजणी बदला, एवढंच मी म्हणते आहे.

शिकार खुली करा अशी मागणी मी करत नाही. माळावर आता तेवढी पाखरं उरली नाहीत, हे मला तुमच्याइतकंच दिसतं. माझं म्हणणं असं की पाखरू खाल्लं का, एवढ्यावर न थांबता ते कसं मारलं, कशासाठी मारलं आणि कुठून मारलं हे कायदा राबवणाऱ्याने पाहावं, आणि ते ठरवताना गाव समोर बसलेलं असावं.

त्यासाठी मंडळाला बरंच काही करता येईल. आपल्या मंडळावर अनुसूचित जमातींचे किमान दोन प्रतिनिधी असावेत असं कायदाच सांगतो. त्यातली एक जागा माळरानावर फासे लावत मोठ्या झालेल्या पारधी माणसाला, शक्य झाल्यास बाईला, द्या. तिला पाखरांची गणना करायला पाठवा आणि त्याचे पैसे द्या. पोटासाठी पहिल्यांदा फासा लावताना सापडलेला माणूस आणि ढाब्यांना माल पुरवणारी टोळी यांत फरक करण्याच्या लेखी सूचना वन कर्मचाऱ्यांना मिळाव्यात. काही गुन्हे तडजोडीने मिटवण्याची तरतूद कायद्यात आहे, ती अशा घरांसाठी वापरता येते का ते तपासा. परवानगीने मारलेल्या रानडुकराचं मांस पशुवैद्यकाच्या तपासणीनंतर ग्रामसभेमार्फत वाटता यावं, अशी शिफारस केंद्राकडे करा.

आणि एक अगदी साधं काम. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या अनुसूच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या, सहाच्या चार झाल्या, यादीत शास्त्रीय नावांचा ढीग आहे. पूर्वीच्या यादीत कबुतरवर्गातून पारवा तेवढा वगळलेला होता, होला आणि हरोळी मात्र संरक्षित. हे आमच्या गावात किती जणांना माहीत होतं? आता काय आहे हे तरी कोण सांगणार? कोणतं पाखरू कोणत्या अनुसूचीत आहे त्याची मराठी यादी काढा, त्या-त्या भागात चालणाऱ्या नावांसकट, चित्रांसकट, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. ज्या नियमासाठी माणूस तुरुंगात जाऊ शकतो तो त्याला वाचता आला पाहिजे.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर यातला एक तरी विषय घ्यावा आणि ती बैठक एखाद्या वेळी मुंबईऐवजी माळावरच्या गावात घ्यावी, ही विनंती. आमच्या गावात घेतलीत तर जेवणाची सोय आम्ही करू. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर पिठलं-भाकरी असेल.

आपली नम्र,
एक शेतकरी, जि. परभणी